बिनअक्षरी बिल्ला

नामपल्लीतल्या आमच्या घरी आजोबांची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात हाली शिक्क्याच्या नाण्यांबरोबर एक बिल्ला सापडला. त्यावर जू घेतलेली बैलजोडी, मागची टाचणी गंजलेली आणि अक्षर एकही नाही. नाण्यांना गिऱ्हाईक मिळते. बिल्ल्याला कोण विचारतो! मला मात्र तेव्हापासून निवडणुकीच्या बिल्ल्यांचा नाद लागला.

अमेरिकेत हा छंद जुना. तिथे १८४० साली हॅरिसनच्या प्रचारासाठी ओंडक्यांच्या झोपडीची पदके निघाली. (हॅरिसन स्वतः व्हर्जिनियातल्या विटांच्या वाड्यात जन्मलेला. प्रचार म्हटला की असेच!) १८६० मध्ये लिंकनची आली, रिबिनीत ओवण्यासाठी भोक पाडलेली. पण त्यांवर नाव असते, बहुधा सालही. संग्राहकाचे निम्मे काम तिथेच होते.

आमच्या बिल्ल्याचे तसे नाही. बैलजोडी १९५२ च्या पहिल्या निवडणुकीपासून काँग्रेसची. १९७१ साली इंदिराबाईंचा पक्ष गाय-वासरावर लढला. मधल्या कुठल्याही वर्षीचा तो असू शकतो. मला तो १९५२ चाच हवा होता, हे कबूल करतो. कारण हैदराबाद राज्याच्या विधानसभेची सार्वत्रिक निवडणूक तेवढी एकच झाली. नांदेडचा मराठी, वरंगळचा तेलुगू आणि गुलबर्ग्याचा कन्नड माणूस एकाच सभागृहासाठी मत देत होता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. मतपत्रिका आत टाकली की झाले. लिपी कुठली, हा प्रश्नच नव्हता. निवडून आलेले १७५ आमदार इथे पब्लिक गार्डनजवळच्या टाउन हॉलमध्ये बसत. मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्ण राव पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकलेले, तर गृहमंत्री दिगंबरराव बिंदू आपल्या मराठवाड्याचे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याच्या तीन वाटण्या झाल्या. धाकटे आजोबा नांदेडला गेले, आमचे इथेच राहिले. 'आपल्या माणसांत चल' आणि 'हीच आपली माणसं' यावरून दोघे भाऊ वर्षभर बोलत नव्हते, असे आजी सांगे.

गेल्या दिवाळीत नांदेडच्या चुलतभावाने एक फोटो आणला. दोघे भाऊ शेजारी उभे, डोक्यावर टोप्या, दोघांच्याही खिशावर बिल्ले. मागे आजोबांच्या हातचे उर्दू. मला उर्दू येत नाही. शेजारच्या चाचांनी वाचून दाखवले, 'नामपल्ली, १९५२'.

माझा बिल्ला त्यांतलाच, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. फोटोत बैल दिसत नाहीत, नुसता गोल ठिपका दिसतो. दुसरा बिल्ला मिळतो का, म्हणून चुलतभाऊ नांदेडच्या घरातला माळा उपसतो आहे.