चोवीस सेकंदांचा हिशेब

ऑक्टोबर 2019 मधला पहिला शनिवार. बँकांना सुट्टी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, म्हणजे अमेरिकेतले बास्केटबॉलवाले मुंबईत आले ते नेमके आमच्या कामाच्या दिवशी. कॅश टॅली करून धापा टाकत वरळीच्या डोमला पोचलो, तर पास घेऊन भाचा दारातच उभा. "मामा, इंडियाना पेसर्स की सॅक्रामेंटो किंग्ज? आधी ठरव." किंग्जचे मालक विवेक रणदिवे, मूळचे मुंबईचे, हे कळल्यावर ठरवायचं काय राहिलं? आडनाव बघून पक्ष निवडायची आपली जुनीच रीत आहे.

खेळ कळत नव्हता म्हणून मी थोडं वाचून गेलो होतो. (मागचा ताळेबंद बघितल्याशिवाय कॉमर्सवाल्याला चैन पडत नाही.) वाचून एक गोष्ट ध्यानात आली. हा खेळ खेळाडूंइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, प्रेक्षकांनी घडवलाय.

1891 च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला नाइस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने पीचच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून टोपली आजही दहा फुटांवरच. पुढच्या मार्चमध्ये विद्यार्थी विरुद्ध शिक्षक असा पहिला जाहीर सामना झाला. मास्तर हरताना बघायला दोनेकशे माणसं जमली, आणि मास्तर 5-1 ने हरले! पण गॅलरीतली मंडळी नुसती बघत बसणारी नव्हती. आपल्या बाजूचा चेंडू आला की हात घालून टोपलीत ढकलायचा, दुसऱ्यांचा आला की बाहेर. हा लोकसहभाग थांबवायला टोपलीमागे फळी लावावी लागली. आज ज्या फळीवरून चेंडू झोकात आत जातो, ती मूळची प्रेक्षकाला आवरायला लावलेली!

एवढ्यावर भागलं नाही. चेंडू गर्दीत गेला की त्याच्यामागे खेळाडूही गर्दीत जात, आणि मग काय होई ते सांगायला नको. शेवटी धंदेवाईक सामन्यांत मैदानाभोवती तारेची जाळीच ठोकली. तर म्हणे बायका जाळीतून हॅटच्या पिना टोचायच्या. आमच्या कॅशियरलाही पूर्वी जाळीत बसवत, ते पैशांच्या रक्षणासाठी असं मी इतकी वर्षं समजत होतो.

पण प्रेक्षकाचं खरं हत्यार पिन नव्हे. ते म्हणजे उठून जाणं. 22 नोव्हेंबर 1950 रोजी मिनियापोलिसला लेकर्सकडे सहा फूट दहा इंचांचा जॉर्ज मायकन होता. त्याच्यापुढे काय करणार? फोर्ट वेनच्या पिस्टन्सनी चेंडू हातात धरला आणि नुसते उभे राहिले. पैसे मोजून आलेले लोक हुर्यो करताहेत आणि हे ढिम्म. पिस्टन्स 19, लेकर्स 18. लेकर्सच्या 18 पैकी 15 एकट्या मायकनचे. टोकन घेऊन बसलेल्या गिऱ्हाइकासमोर चहा पिणारा कारकून आठवला मला. (आठवला म्हणजे काय, रोज आरशात दिसतो.)

असल्या खेळाला गिऱ्हाईक किती दिवस टिकणार? धंदा बुडायची वेळ आली तेव्हा डॅनी बियासोन पुढे झाला. हा सिरॅक्यूज संघाचा मालक, बोलिंगचा अड्डा चालवणारा माणूस. त्याने हिशेब मांडला. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण 120 वेळा टोपलीकडे चेंडू फेकतात. सामना 48 मिनिटांचा, म्हणजे 2880 सेकंद. भागाकार करा: 24. एवढ्या सेकंदांत चेंडू फेका, नाही तर द्या समोरच्याला. 1954 मध्ये नियम लागू झाला आणि पहिल्याच मोसमात संघाची सरासरी 79 वरून 93 वर गेली. विजेतेपद बियासोनच्याच संघाला मिळालं, आणि अंतिम सामन्यात 92-91 असे हरले कोण? तेच फोर्ट वेनचे पिस्टन्स! इतका चोख जमाखर्च आमच्या शाखेत कधी लागला नाही.

डोममध्ये मात्र रणदिव्यांचे किंग्ज मार खात होते. टोपलीवरचं घड्याळ चोवीसवरून उलटं धावू लागलं की आपलाच कोणी नातेवाईक गाडी चुकवतोय असं वाटायचं आणि मी उठून "टाक! अरे टाक ना!" म्हणून ओरडायचो. भाच्याने दोनदा शर्ट धरून खाली बसवलं. "मामा, चेंडू पेसर्सकडे आहे." शेवटी 130-106. आदल्या दिवशीही एका गुणाने हरले होते.

सोमवारी घसा पार बसलेला. काउंटरवर पहिल्याच आजोबांनी विचारलं, "साहेब, अजून किती वेळ?"

मी बोटांनी चोवीस दाखवले.

"मिनिटं ना?" आजोबांनी विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता बाकावर जाऊन बसले.