बंदूक, परवाना आणि रानाची वेस

गेल्या कार्तिकात बेळगावचे आमचे एक स्नेही तांबडी सुर्लेच्या महादेवाच्या दर्शनाला निघाले होते. मंडळी सात-आठ, त्यांत तरुणांचा भरणा अधिक. दर्शन आटोपल्यावर रानालगत तंबू ठोकून दोन रात्री काढाव्यात असा बेत होता. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हांस एक प्रश्न केला. घरात आजोबांच्या वेळेपासूनची एक दुनळी बंदूक आहे. परवाना रीतसर आहे, मुदतीत आहे, पिकाच्या राखणीसाठी घेतलेला आहे. त्या रानात गवे आहेत, अस्वले आहेत. तेव्हा ती सोबत घेतली तर काय बिघडले? "परवाना आहे ना!" हे त्यांचे पालुपद.

प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईना. या देशात बंदुकीचा परवाना ही वस्तू कशी जन्मास आली, ती कोणास दिली गेली व कोणास नाकारली गेली, हे पाहिल्यावाचून ते उत्तर नीट कळतही नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

१८५७ च्या उठावापूर्वी खेडोपाडी हत्यार असणे यात कोणास नवल वाटत नसे. पाटलाच्या घरी तलवार, शिलेदाराच्या घरी भाला, रानालगतच्या गावी तोड्याची बंदूक हा रोजचा संसार होता. उठावानंतर मात्र सरकारने प्रथम १८५७ साली व मागाहून १८६० साली कायदे करून प्रजेच्या हातून शस्त्रे काढून घेण्यास आरंभ केला. या साऱ्यावर कळस चढला तो लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत. १८७८ चा शस्त्रांचा कायदा तो हाच. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा, हे वाचकांस ठाऊक असेलच. एकाच वर्षी लेखणी व बंदूक या दोहोंवर पहारा बसला. पुढच्याच वर्षी, १८७९ त, वासुदेव बळवंत फडक्यांनी पुणे प्रांती बंड उभारले.

त्या कायद्यात दोन गोष्टी निराळ्या धरल्या होत्या. शस्त्र घरात बाळगणे हे एक कलम, आणि शस्त्र घेऊन हिंडणे हे दुसरे कलम. हा भेद पुढे पुष्कळांच्या ध्यानातून गेला, पण आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाची मेख नेमकी तेथेच आहे. दुसरी गोष्ट अधिक झोंबणारी होती. कायदा सर्वांस, पण त्याच्या नियमांनी युरोपियनांस व युरेशियनांस माफी. साहेब तंबू घेऊन महिना-महिना शिकारीस जाई, त्यास परवान्याची गरज नसे. त्याच्या तंबूभोवतीच्या ज्या शेतकऱ्याचे भात रानडुकरे रात्रीत लोळवून जात, त्याने मात्र कचेरीचे उंबरे झिजवावे. १८८७ साली मद्रासच्या अधिवेशनात राष्ट्रसभेने या कायद्याविरुद्ध ठराव केला, तो याच शल्यापोटी. वर्णावरून दिलेली ही माफी १९२० च्या सुमारास नव्या नियमांनी काढून टाकली. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ ती टिकली.

आमच्या भागातली अडचण आणखी निराळी. १८७८ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. बेळगाव जिल्हा ब्रिटिशांचा, त्याला खेटून सावंतवाडीचे संस्थान, आणि घाट उतरला की पोर्तुगीजांचा गोवा. एका दिवसाच्या वाटचालीत तीन सत्ता व तीन कायदे. वाडीच्या माणसाने आपली बंदूक बेळगावास आणली की ती परवान्यावाचून आणलेला माल ठरण्याचा संभव. आमचे ग्वाल्हेर, इंदूर व बडोद्याचे वाचकही घरच्या वडीलधाऱ्यांकडून असेच काही ऐकून असतील. संस्थानाच्या हद्दीत मानाने मिरवलेली तलवार हद्दीबाहेर म्यानासकट गुन्हा होत असे.

या सर्व काळात ज्यांच्या हाती बंदूक राहिली, त्या एका प्रदेशाची हकीकत मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. तो प्रदेश म्हणजे कोडगू, ज्यास इंग्रज कुर्ग म्हणत.

हालेरीच्या राजांचे हे डोंगरी राज्य इंग्रजांनी १८३४ त घेतले. अखेरचा राजा चिक्क वीरराजेंद्र. या राजांच्या वेळेपासून तेथे 'जम्मा' नावाची वंशपरंपरेची जमीन असे. जमीन हलक्या साऱ्याने मिळे आणि बदल्यात हाक येताच हत्यारासह चाकरीस हजर व्हावे लागे. हत्यार नाही तर चाकरी नाही, आणि चाकरी नाही तर जमीन नाही, अशी ही गुंफण. १८५७ त कोडगू शांत राहिले. त्याची पोच म्हणून म्हैसूर व कोडगूचे कमिशनर मार्क कब्बन यांनी १८६१ च्या फेब्रुवारीत जाहीरनामा काढून कोडव लोकांस निःशस्त्रीकरणाच्या कायद्यातून वगळले. १८७८ चा कायदा आला तरी ही सूट राहिली.

या सुटीत राजकारण होते, हे लपवण्याचे कारण नाही. एकनिष्ठ राहणाऱ्यास बक्षीस व बंड करणाऱ्यास बेडी, हा इंग्रजांचा जुना तराजू. कोडव हे स्वभावतः विश्वासू म्हणून त्यांस बंदूक दिली आणि आम्ही इतरेजन स्वभावतः अविश्वासू म्हणून आमची काढून घेतली, असे जो समजेल त्याने इतिहास वाचलाच नाही असे आम्ही म्हणू. १८३७ त याच कोडगूत व शेजारच्या सुळ्य भागात इंग्रजांविरुद्ध मोठा उठाव झाला होता.

परंतु कारण काहीही असो, ज्या समाजाकडून हत्यार काढून घेतले गेले नाही तेथे त्याचे काय होते, हे पाहण्याची सोय कोडगूत आहे. तेथे बंदूक देवघराच्या जवळ गेली. भातलावणी संपल्यावर सप्टेंबरच्या आरंभी 'कैलपोळ्द' हा सण येतो. लावणीच्या दिवसांत बाजूस ठेवलेली हत्यारे त्या दिवशी स्वच्छ करून देवघरात मांडतात, त्यांस गंध लावतात आणि बंदुकीच्या नळीवर एक रानफूल खोवतात. तेथे त्याला बंदुकीचे फूल म्हणतात. आपल्याकडे तीच कळलावी. पूजा झाली की नारळ टांगून नेम धरण्याच्या शर्यती लागतात. पुढे 'पुत्तरी'स भाताची पहिली पेंढी कापताना बार काढतात. घरात मुलगा जन्मला तर एक बार, कोणी निवर्तले तर दोन. डोंगरातल्या विखुरलेल्या घरांना त्या आवाजावरून बातमी कळे. दसऱ्यास शस्त्रपूजन करणाऱ्या आपल्या समाजास यात परके असे काहीच वाटू नये. फरक एवढाच की आपण बहुधा विळा-कोयता, वही व यंत्र पुजतो. हा फरक धर्माने पडलेला नाही, १८७८ ने पाडला आहे.

स्वातंत्र्य आल्यावर काय झाले? १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या चौकटीत राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांस असावा असे म्हटले होते. १९५० ची राज्यघटना आली तेव्हा तो हक्क तीत नव्हता. उलट एकत्र जमण्याचा जो हक्क दिला, तोही शांततेने व शस्त्रांवाचून, अशा शब्दांत. फाळणीच्या रक्तपातातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशाने असे शब्द घालावेत, यात आम्हांस दोष दिसत नाही. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा नवा कायदा झाला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यात वर्णभेद नाही. पण परवान्याचे तत्त्व तेच राहिले. बंदूक हा हक्क नव्हे; सरकारने एका माणसास, एका हत्यारापुरती, एका मुदतीत व एका क्षेत्रात दिलेली ती मुभा आहे.

कोडगूची सूट याही कायद्यात पुढे चालली. २०१९ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने ती आणखी दहा वर्षांसाठी, म्हणजे २०२९ पर्यंत दिली. जात व जमीन पाहून अशी सूट देणे समतेच्या तत्त्वास धरून नाही, असा आक्षेप न्यायालयात घेतला गेला. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ साली तो फेटाळला. सूट मुदतीची आहे, कायमची नाही, याचाही न्यायालयाने विचार केला. आमच्या मते आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. तथापि दीडशेहून अधिक वर्षे जी वस्तू सणावारात मुरली, तिला एका फटक्यात गुन्हा ठरवणे हे लिटनसाहेबांचेच काम पुन्हा करण्यासारखे झाले असते.

आता प्रवासाकडे वळू. परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते; कोणाचे एका जिल्ह्यापुरते, कोणाचे राज्यापुरते, क्वचित कोणाचे साऱ्या देशाचे. बेळगावहून रामनगर, अनमोड करून मोले गाठले की राज्याची हद्द ओलांडली जाते. जिल्ह्यापुरता वा राज्यापुरता परवाना घाटमाथ्यावरच निकामी होतो. जुन्या तीन सत्तांची वेस गेली, पण परवान्याची वेस अजून तेथेच उभी आहे. जवळ हत्यार असेल तर पोलीस परवाना दाखवा म्हणू शकतात, म्हणून तो घरच्या कपाटात असून चालत नाही. २०१६ च्या नियमांनी सार्वजनिक ठिकाणी बंदूक पूर्ण झाकून, पिशवीत किंवा म्यानात न्यावी असे ठरवले आहे. खांद्यावर मिरवली तर परवानाच जाण्याची पाळी. लग्न-वरातीत वा शेकोटीभोवती हौसेने बार काढणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही सांगितले आहेत. त्याच दुरुस्तीने एका माणसाने बाळगावयाच्या बंदुकांची संख्या तिनावरून दोनावर आणली. वाडवडिलांकडून आलेल्या बंदुकाही त्याच मोजणीत धरतात.

तलवार, सुरा, भाला यांचीही विचारणा होते, म्हणून सांगतो. नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पाते असलेली अशी धारदार शस्त्रे कायद्याच्या यादीत आहेत. मात्र घरकाम, शेती वा उद्योग यांसाठी घडवलेली हत्यारे तीतून वगळली आहेत. तेव्हा झुडूप तोडण्याचा कोयता निराळा आणि भिंतीवरचा आजोबांचा जंबिया निराळा. शिवाय या पात्यांना परवाना लागतो तो सरकारने तसे जाहीर केलेल्या भागातच.

एवढे सारे जुळून आले, परवाना साऱ्या देशाचा असला, तरी अभयारण्याच्या वेशीवर गाठ पडते ती १९७२ च्या वन्यजीव कायद्याशी. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीवाचून कोणतेही शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. राष्ट्रीय उद्यानासही हेच लागू. तलकावेरीस जाणारा कोडवसुद्धा ब्रह्मगिरीच्या वा नागरहोळेच्या रानात आपली सूट घेऊन शिरू शकत नाही, कारण सूट आहे ती शस्त्रांच्या कायद्यातून. एवढेच नव्हे, अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या परवानेधारकाने आपले नाव त्या रक्षकांकडे नोंदवावे लागते, आणि तेथे नवा परवाना त्यांच्या संमतीवाचून मिळत नाही.

हे वाचताना आम्हांस सत्तरी आठवते. १८५२ त दीपाजी राणे यांनी पोर्तुगीजांविरुद्ध उठून नाणूसचा किल्ला घेतला आणि सुमारे साडेतीन वर्षे झुंज दिली, ती याच रानाच्या आधाराने. त्याच सत्तरीत १९९९ पासून म्हादई अभयारण्य आहे. ज्या झाडीने राण्यांच्या बंदुका लपवल्या, तेथे आज बंदूक नेण्यास वनखात्याचा कागद हवा. आम्हांस याचे वाईट वाटत नाही. वाघाला निदान एक रान असे असावे, जेथे माणूस रिकाम्या हाताने येतो.

तांबडी सुर्लेचे कदंबकालीन देऊळ भगवान महावीर अभयारण्याच्या परिसरात आहे. स्नेह्यांचा परवाना कर्नाटकापुरता निघाला. बंदूक बेळगावासच, कुलपात राहिली. तंबूही त्यांनी वाटेल तेथे न ठोकता वनखात्याने नेमून दिलेल्या जागीच ठोकला. परत आल्यावर आम्ही विचारले, गवा दिसला काय? ते म्हणाले, दुसऱ्या रात्री ओढ्यापलीकडे काहीतरी मोठे उभे होते. विजेरी मारली तसे ते सावकाश वळले आणि निघून गेले.