देवगिरीचा खडक

वाळूजच्या उत्तरेस तीनचार कोसांवर देवगिरीचा खडक उभा आहे. टेकडी सुमारें ६०० फूट उंच. तिचा पायथा तासून भिंतीसारखा सरळ केलेला, भोंवतीं खडकांतच खोदलेला खंदक, आणि बालेकिल्ल्याची वाट डोंगराच्या पोटांतील ‘अंधारी’मधून. असा दुर्ग शत्रूच्या हातीं पडला तरी कसा, हा प्रश्न पाहणाऱ्यास सुचल्यावांचून राहत नाहीं. इतिहासाचें उत्तर चमत्कारिक आहे. हा खडक शत्रूच्या चढाईनें नव्हे, तर आंतल्या रिकाम्या कोठारांनीं हरविला.

बाराव्या शतकाच्या अखेरीस पांचव्या भिल्लमानें येथें यादवांची राजधानी वसविली. १२९६ त अलाउद्दीन खिलजी अकस्मात् येऊन थडकला, तेव्हां युवराज शंकरदेव मुख्य सैन्यासह दूर होता. रामचंद्रदेव गडावर चढला. कोंकणांतून आलेल्या व्यापाऱ्यांनीं टाकलेल्या गोण्या धान्याच्या समजून लोकांनीं वर नेल्या. पुढें त्या उघडतांच आंत मीठ निघालें, असें फिरिश्ता सांगतो. तो तीनशें वर्षांनंतरचा लेखक. ही कथा अक्षरशः खरी मानण्याचा माझा आग्रह नाहीं. परंतु परत आलेल्या शंकरदेवाचा पराभव झाल्यावर राजास अपार द्रव्य देऊन तह करावा लागला, हें निर्विवाद आहे. ज्या दरबारांत व्रतें, दानें व श्राद्धें यांचे प्रचंड ग्रंथ रचणारा हेमाद्रि श्रीकरणाधिप होता, त्या दरबारास चालून येणाऱ्या फौजेची वार्ता वेळेवर लागूं नये, याचें मात्र वैषम्य वाटतें.

पुढें यादवराज्य बुडालें. १३२७ त महंमद तुघलकानें दिल्लीची राजधानी येथें आणून गांवास दौलताबाद हें नांव दिलें. बहामनी आले, निजामशाही आली. मलिक अंबरानें बाहेरचा अंबरकोट बांधला. त्याच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनीं, १६२९ त, जिजाबाईंचे पिते लखुजी जाधवराव यांचा निजामशहाच्या दरबारांत येथेंच पुत्रांसह घात झाला. हे जाधव देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवीत. आपल्याच मातबर सरदारांना असें मारणाऱ्या राज्यास संकटकाळीं कोण तारणार?

तें संकट १६३३ त आलें. मोगल सेनापति महाबतखानानें सुरुंगांनीं अंबरकोट व महाकोट फोडले. वरचा खडक मात्र सुरुंगांस दाद देणारा नव्हता. पण आधींचीं वर्षें दख्खनांत घोर दुष्काळाचीं गेलीं होतीं, आणि विजापूरकरांचे रसद पोंचविण्याचे यत्नही फसले. उपासमार असह्य झाली, तेव्हां अंबराचा पुत्र फत्तेखान यानें रोकड रक्कम घेऊन किल्ला हवालीं केला. बालराजा हुसेन निजामशहा ग्वाल्हेरच्या बंदिवासांत गेला.

त्यानंतर दौलताबादही बंदिशाळाच झाली. १६८७ त गोवळकोंड्याचा दरवाजा फितुरीनें आंतून उघडला गेला, आणि तेथील शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा याला औरंगजेबानें येथें आणून ठेविलें. तो येथेंच वारला. त्याच्या कोठडीचें नांव चिनी महाल. तिच्या भिंतींवर निळ्यापांढऱ्या फरशांचे तुकडे अजून दिसतात.