प्रस्तावना : पाच मात्रांची चाल आणि प्रोग्रेसिव्ह रॉक

घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी ‘मनाचे श्लोक’ रचताना 205 श्लोकांत एकच वृत्त राखले, भुजंगप्रयात. लघु-गुरु-गुरु असा पाच मात्रांचा गण, ओळीत चार वेळा. हे श्लोक ज्यांनी लहानपणी पाठ केले, त्यांच्या जिभेवर ही पाचाची चाल कायमची बसते. जालन्याच्या वाचकाला प्रोग्रेसिव्ह रॉकच्या अभ्यासाकडे नेताना मी म्हणूनच जांबपासून निघतो.

ब्रिटनमध्ये 1960च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आलेल्या या संगीताविषयी नेहमीची तक्रार अशी, की ठेका हाती लागत नाही. एरवी रॉकचा ठेका चाराचा. ही मंडळी पाचात, सातात शिरली. जेथ्रो टलचे 1969चे ‘लिव्हिंग इन द पास्ट’ पाचात चालते. पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’चा मुख्य भाग सातात आहे आणि गिटारचा एकल भाग आला की गाणे चारावर येते. टाळी धरून ऐकले तर हा बदल हातालाच कळतो. या साताला रूपक ताल म्हणू नये. वजन वेगळे, समेची वागणूकही वेगळी. पण भजनाला, मैफलीला बसलेल्या माणसाची मोजण्याची सवय इथे पुरेपूर कामी येते.

संयमाचेही तसेच. पिंक फ्लॉइडचा 1975चा ‘विश यू वेअर हिअर’ हा आल्बम सिंथेसायझरच्या लांबवलेल्या स्वरांनी उघडतो. त्यावर गिटार सावकाश उतरते, मग चार सुटे स्वर येतात, आणि गाणारा आवाज आठ मिनिटे उलटल्यावर. आलाप ऐकणाऱ्याला यात ताटकळल्यासारखे वाटणार नाही. 1968 मध्ये या बँडपासून दुरावलेल्या सदस्याची, सिड बॅरेटची, आठवण या सुरुवातीच्या रचनेत आहे, तरी मला ती ऐकणाऱ्यालाच आत वळवणारी वाटते. समर्थांचे श्लोकही मनाशीच बोलतात. दोन्हींचे प्रयोजन एक नाही. एकात उपदेश आहे, दुसऱ्यात हुरहूर. मात्र एकट्याने, पूर्ण लक्ष देऊन ऐकण्याची मागणी दोन्ही करतात.

पहिल्या प्रकरणाआधी हा आल्बम सलग ऐकावा. पाऊण तासाच्या आत संपतो. क्रम मोडू नये, कारण सुरुवातीची रचना मध्येच तोडून तिचा उरलेला भाग अखेरीला ठेवला आहे, आणि गाणी मागेपुढे केली की तो सांधा ऐकू येत नाही.