गॉथिक अक्षरं म्हणजे नाझींची अक्षरं असं अनेकांना वाटतं, पण त्यांच्यावर बंदी हिटलरनेच घातली होती

'न्यूयॉर्क टाइम्स'चं नाव ज्या अक्षरांत छापतात ती आठवा. जाड उभ्या रेघा, टोकदार कोपरे. मोटरहेड बँडचा लोगो, टॅटूचे नमुने, जर्मन बिअरच्या बाटल्या, सगळीकडे हीच अक्षरं. यांना गॉथिक किंवा ब्लॅकलेटर म्हणतात. नाझींवरच्या सिनेमातही पाट्या आणि पोस्टरवर हीच दिसतात, त्यामुळे ती हिटलरची खास अक्षरं असावीत असा समज पसरलाय.

खरी गोष्ट बरीच वेगळी आहे.

आधी नावाचा घोळ. गॉथ हे जर्मानिक लोक. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबल भाषांतरित करण्यासाठी त्यांची लिपी तयार केली. बहुतेक अक्षरं ग्रीकवरून घेतली, काही लॅटिन आणि रून लिपीतून. गॉथ आधीच लढाईवेडे, म्हणून त्याने राजांच्या लढायांची पुस्तकं भाषांतरातून गाळली, असं एका जुन्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. जांभळ्या चर्मपत्रावर चांदी-सोन्याच्या शाईने लिहिलेली त्या भाषांतराची सहाव्या शतकातली प्रत आज स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात आहे. पण ही लिपी दिसायला ग्रीकसारखी. टोकदार अक्षरांशी तिचं काही नातं नाही.

टोकदार अक्षरं आली बाराव्या शतकाच्या आसपास, उत्तर फ्रान्स आणि शेजारच्या भागात. विद्यापीठं वाढली, पुस्तकांची मागणी वाढली. चर्मपत्र मात्र महाग, एका मोठ्या ग्रंथासाठी कितीतरी जनावरांची कातडी लागायची. मग लेखनिकांनी जुन्या गोल वळणाची लॅटिन अक्षरं अरुंद केली आणि खेटून लिहायला सुरुवात केली. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास बायबल छापलं तेव्हा टाइपही याच वळणाचा पाडला.

मग गॉथिक हे नाव कुठून आलं? ती चक्क शिवी होती. इटलीतल्या विद्वानांना ही अक्षरं गावंढळ वाटायची. आणि ४१० साली रोम लुटलं होतं गॉथ लोकांनी. म्हणून गॉथिक, म्हणजे रानटी.

इटलीने गोलसर रोमन अक्षरं उचलली. जर्मनांनी मात्र टोकदारच धरून ठेवली. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट मॅक्सिमिलियनच्या काळात त्यातलं 'फ्राक्टुर' हे वळण तयार झालं आणि पुढे ती जर्मन अस्मितेची खूण बनली. ती सोडावीत की नाही यावर १९११ मध्ये जर्मन संसदेत चर्चा झाली, पण ती टिकली. नाझी सत्तेत आल्यावर त्यांनीही सुरुवातीला तीच मिरवली.

आणि मग आलं ३ जानेवारी १९४१ चं परिपत्रक. हिटलरचा विश्वासू मार्टिन बोरमान याने सही करून कळवलं की ही अक्षरं जर्मन नाहीतच, ती ज्यूंची आहेत, यापुढे सगळं रोमन अक्षरांत छापायचं. या दाव्याला इतिहासात काडीचा आधार नव्हता. कहर म्हणजे ज्या कागदावर हा हुकूम टाइप केला, त्याच्या वर पक्षाचं नाव गॉथिक अक्षरांतच छापलेलं होतं.

यामागचं खरं कारण साधं असावं. अर्धा युरोप तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता आणि तिथल्या लोकांना ही अक्षरं नीट वाचता येत नव्हती. प्रचार करायचा, हुकूम सोडायचे, तर समोरच्याला ते कळायला नकोत?

त्याच वर्षी शाळांमधूनही जुनं वळण हद्दपार करण्याचा आदेश निघाला. युद्धानंतरही ते छपाईत पूर्वीसारखं परतलं नाही. आज कित्येक जर्मन घरांत आजोबा-पणजोबांची पत्रं आहेत, भाषा तीच आहे, पण हाताने लिहायचं ते जुनं वळण नातवंडांना लागत नाही. आपल्याकडे घरातला मोडी कागद वाचायला जाणकार शोधावा लागतो, तसंच.