इंजिन परकं, मग गाडी कुणाची?

माझ्या लहानपणी अब्बांच्या ओळखीचे एक मेकॅनिक चाचा होते. पेट्रोलच्या जुन्या जीपमध्ये ते डिझेल इंजिन बसवून द्यायचे. आम्हा पोरांना वाटायचं, एक काढलं, दुसरं बसवलं, झालं काम. चाचा म्हणायचे, "बेटा, इंजन बिठाना आसान है. गाडी ने उसे कबूल करना चाहिए ना!"

मोटारींचा इतिहास वाचताना हे वाक्य मला पुन्हा आठवलं.

इंग्लंडमध्ये थेम्स डिटन इथे एसी कार्स ही छोटी कंपनी 'एस' नावाची स्पोर्ट्स कार बनवायची. पोलादी नळ्यांची चासी, वर ॲल्युमिनियमची हलकी बॉडी. तिच्यात बसणारं ब्रिस्टलचं दोन लिटरचं इंजिन १९६१ मध्ये बंद होऊ लागलं. त्याच वर्षी कॅरोल शेल्बी या अमेरिकन माणसाचं पत्र आलं. १९५९ ची ल माँ शर्यत जिंकलेला हा ड्रायव्हर हृदयविकारामुळे शर्यतीतून बाहेर पडला होता. त्याचं म्हणणं, गाडी तुमची, इंजिन अमेरिकन.

१९६२ मध्ये फोर्डचं ४.२ लिटरचं व्ही-एट इंजिन तिच्यात बसलं आणि 'कोब्रा' जन्मली. ताकद जवळपास दुप्पट झाली. पण ती ताकद चाकांपर्यंत पोचवायची, तर जुने भाग पुरणार नव्हते. गिअरबॉक्स बदलला, मागचा डिफरन्शियल जास्त मजबूत घेतला, पुढे स्टिअरिंगही बदललं. १९६५ मध्ये सात लिटरचं इंजिन आलं, तेव्हा तर चासीच्या नळ्या जाड कराव्या लागल्या आणि पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्या. त्याच वर्षी शेल्बीच्या संघाने फेरारीला मागे टाकून जीटी गाड्यांची जागतिक स्पर्धा जिंकली.

मग ही गाडी इंग्रज की अमेरिकन? नाव शेल्बीचं झालं. थेम्स डिटनमध्ये हातांनी पत्रा ठोकणारे कारागीर मागेच राहिले, याची मला खंत वाटते. 'अस्सल' म्हणून जे इंजिन काढलं, तेही मुळात इंग्रज नव्हतंच. युद्धानंतर ब्रिस्टलने जर्मनीच्या बीएमडब्ल्यू ३२८ च्या आराखड्यावरून ते घडवलं होतं.

मी उर्दू शिकवतो आणि मराठीही. "सर, तुमची खरी भाषा कोणती?" असं लोक विचारतात. फारसी-अरबीतून आलेले कागद, खुर्ची, शाई हे शब्द मराठीने नुसते उचलले नाहीत. कागदाला, खुर्चीवर, शाईने असे प्रत्यय लावून आपल्या व्याकरणात रुजवले. म्हणून ते आज मराठीच आहेत.

बाहेरून आलेल्याला नुसती जागा देऊन भागत नाही. त्याच्यासाठी स्वतःतही थोडे बदल करावे लागतात. जिथे हे झालं नाही, तिथे चासीला तडे गेले.

चाचा कधी शाळेत गेले नव्हते. तरी मला बीएडच्या वर्गात हे कुणी इतकं सोपं करून सांगितलं नाही.