किल्ली आत, धनी बाहेर

चोराला अडविण्यासाठी माणसाने कुलूप निर्माण केले. परंतु कुलपाच्या इतिहासात चोराइतकाच आणखी एक मनुष्य पुनःपुन्हा दाराबाहेर तिष्ठत उभा दिसतो. तो म्हणजे खुद्द धनी. मोटारीच्या बाबतीत तर हे दृश्य फारच परिचयाचे आहे. भर उन्हात रस्त्याच्या कडेला गाडी उभी आहे, चारी दारे नीट लागलेली आहेत, किल्ली काचेतून स्पष्ट दिसते आहे आणि मालक खिसे चाचपीत गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो आहे. या फजितीचे कारण म्हणून विसराळूपणाकडे बोट दाखविण्यात येते. ते खरे असले तरी अपुरे आहे. मनुष्य पूर्वीही विसराळूच होता. तरीही मोटारीच्या जन्मानंतर कित्येक वर्षे अशी फजिती सहसा संभवतच नव्हती. ती संभवू कशी लागली आणि टाळण्यासाठी काय काय उपाय झाले, ही हकीगत मनोरंजक आहे, तशीच गंभीरही आहे.

कार्ल बेंझ यांनी १८८६ साली जर्मनीत पेटंट घेतलेली तीनचाकी मोटार म्हणजे बिनघोड्याची बग्गीच होती. तिला छप्पर नव्हते, दारे नव्हती, काचा नव्हत्या. मग कुलूप लावावयाचे कशाला? पुढील वीस-पंचवीस वर्षांतील बहुतेक मोटारी अशाच उघड्या असत. इंजिन सुरू करण्यासाठी गाडीपुढे उभे राहून हँडल मारावे लागे आणि उलटा झटका बसला तर मनगट मोडण्याची भीती असे. काही गाड्यांना ठिणगीचा विद्युत्प्रवाह तोडणारा खटका असे. त्याची किल्ली काढून नेली की गाडी सुरू होत नसे. म्हणजे किल्ली होती, पण ती यंत्राची होती, दाराची नव्हती. श्रीमंतांच्या गाडीपाशी शोफर बसून राही. तोच तिचे खरे कुलूप.

ही स्थिती दोन सुधारणांनी पालटली. चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसविण्यात आला आणि हँडलची कटकट मिटण्यास प्रारंभ झाला. दुसरी सुधारणा बंद गाडीची. अमेरिकेत १९१९ साली तयार होणाऱ्या मोटारींपैकी जेमतेम एकदशांश बंद बांधणीच्या होत्या. १९२७ पर्यंत हे प्रमाण पाचांत चार इतके वाढले. ऊन, पाऊस आणि धूळ यांपासून प्रवासी सुरक्षित झाला. गाडीला भिंती आल्या, काचा आल्या, दारे आली आणि दारांमागोमाग कुलपेही आली.

कुलपाचे तत्त्व घरच्या दाराकडूनच घेतलेले होते. प्राचीन इजिप्तमधील लाकडी कुलपांत खुंट्या खाली पडून अडसर अडकवीत. योग्य किल्लीने त्या उचलल्या की अडसर मोकळा होई. याच तत्त्वाला लायनस येल यांनी अमेरिकेत १८६० नंतरच्या दशकात लहान पिना आणि चपटी किल्ली यांच्या साहाय्याने आटोपशीर रूप दिले. शहरांतील बिऱ्हाडांच्या दारांना पुढे जे लॅच आले, त्यांचे कूळ हेच. वाऱ्याच्या झोताने दार लागते आणि दुधाचे पातेले घेऊन बाहेर आलेली गृहिणी जिन्यात अडकते, हा अनुभव अनेक घरांत आला आहे. जुन्या कडीकोयंड्याच्या दाराने असा दगा कधी दिला नाही. कारण बाहेरून कुलूप घालावयाचे तर मनुष्याला बाहेर उभे राहून स्वतःच्या हातांनीच ते घालावे लागे.

मोटारीत हा लॅचचा दोष अधिक तीव्र झाला. काचेखालचे बटण दाबून दार लोटले की किल्लीवाचून कुलूप लागण्याची सोय अनेक गाड्यांत आली. पुढे १९४९ साली क्रायस्लर कंपनीने किल्ली फिरवताच स्टार्टर चालू होईल अशी योजना केली आणि हळूहळू तीच रीत सर्वत्र पडली. पूर्वी एक खटका, एक स्टार्टरचे बटण आणि एक दाराची किल्ली अशी वाटणी असे. आता सारे एका किल्लीवर आले. गाडी चालू आहे तोवर ती किल्ली आतच राहणार आणि दार मात्र किल्लीवाचून बंद होणार! दोन्ही सोयी आपापल्या जागी चांगल्या. पण त्या एकत्र आल्या आणि धनी बाहेर राहिला.

यावर कारखानदारांनी काढलेला पहिला उपाय साधा आणि शहाणपणाचा होता. काही गाड्यांत चालकाचे दार बाहेरून केवळ किल्लीनेच लागे. काहींत बटण दाबून शिवाय मूठ उचलून धरल्याखेरीज कुलूप बसत नसे. माणसाला क्षणभर थांबविणे, एवढाच त्यातील हेतू. अमेरिकेत १९७० पासून लागू झालेल्या सुरक्षा नियमाने, किल्ली खटक्यात राहिली असताना चालकाचे दार उघडल्यास इशारा मिळालाच पाहिजे, असे ठरविले. हा नियम चोरी रोखण्यासाठी होता; कारण किल्ली लागलेली गाडी म्हणजे चोराला आमंत्रणच. परंतु त्या कर्कश आवाजाने विसराळू मालकावरही उपकार केले.

भारतात ही अडचण दीर्घकाळ हस्तकौशल्याने सुटत असे. अँबॅसेडर आणि फियाट या गाड्यांच्या पुढील दारांना वाऱ्यासाठी त्रिकोणी काच असे. तिची कडी सैल झाली असल्यास हात आत घालता येई. नाही तर कोणी जाणता मेकॅनिक काचेच्या फटीतून लोखंडी पट्टी सोडून आतील दांडी उचली. चौकात छत्रीखाली बसलेला किल्लीवाला कानशीने घासून नवी किल्ली करून देई. जी पट्टी धन्याला उपयोगी पडे तीच चोरालाही पडे, हे मात्र उघड होते.

म्हणून कुलपे अधिक कडक झाली. १९८६ च्या कॉर्व्हेट मोटारीच्या किल्लीत विजेला ठरावीक रोध करणारा तुकडा बसविलेला होता. तो जुळला नाही तर इंजिन सुरू होत नसे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना विद्युत्-प्रतिबंधक सक्तीचा झाला. पुढे दारांच्या पोटात तारा आणि एअरबॅगची यंत्रणा आल्यामुळे लोखंडी पट्टी घालणे धोक्याचे ठरले. कानशीने घासलेली किल्ली दार उघडील, पण ओळख पटल्याशिवाय इंजिन जागे होणार नाही. चोराची वाट अवघड झाली. त्याबरोबर विसरलेल्या धन्याचीही झाली.

दुसऱ्या बाजूने सोयीही वाढल्या. फोर्ड कंपनीने १९८० साली काही गाड्यांच्या दारावर अंकांची बटणे बसविली. पाच आकड्यांची खूण लक्षात असली की किल्लीची गरज नाही. १९८२ च्या सुमारास फ्रान्सच्या रेनो फुएगो मोटारीला दुरून दार उघडणारे यंत्र आले. विसाव्या शतकाच्या अखेरीस मर्सिडीझने खिशातील किल्ली ओळखणारी व्यवस्था आणली. अशा अनेक गाड्या किल्ली आत राहिल्यास कुलूप लावण्याचेच नाकारतात. तरीही विजेरी संपते, उपकरण बिघडते. म्हणूनच त्या किल्लीच्या पोटात बहुधा एक साधे धातूचे पाते दडविलेले असते. ते कोठे आहे हे वेळ येण्यापूर्वी पाहून ठेवणारे थोडे.

फजितीपुरता हा विषय हसून सोडता येईल. पण किल्लीबरोबर मूल आत राहिले तर हसण्यासारखे काही उरत नाही. मध्यवर्ती कुलपाचे बटण लहान बोटांनाही सहज दाबते. १९९८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत काही आठवड्यांत अकरा मुले मोटारींच्या डिकीत अडकून मृत्यू पावली. त्यानंतर सप्टेंबर २००१ पासून तेथे नव्या गाड्यांच्या डिकीला आतून उघडण्याची मूठ सक्तीची झाली. त्याच देशात १९९८ पासून तापलेल्या मोटारींत नऊशेहून अधिक बालकांचे प्राण गेले आहेत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हातील बंद गाडीचे तापमान तासाभरात सरासरी बावीस अंश सेल्सियसने वाढलेले आढळले. त्यातील बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली आणि काच किंचित खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. अशा वेळी किल्लीवाल्याची वाट पाहणे हा विवेक नव्हे. मुलापासून सर्वांत दूरची बाजूची काच फोडावी. ती काच बोथट तुकड्यांत फुटेल अशीच बनविलेली असते आणि नवी बसविता येते.

इतक्या शोधांनंतरही मूळ उपाय कडीकोयंड्याच्या काळचाच राहिला आहे: किल्ली हातात दिसल्याखेरीज दार लावू नये. दुसरी किल्ली गाडीत नव्हे, तर घरच्या विश्वासू माणसापाशी असावी. क्षणभराच्या कामासाठीही मुलाला आत ठेवून उतरू नये. कुलूप चोर आणि धनी यांत भेद करीत नाही. किल्ली कोणाच्या हाती आहे, एवढेच त्याला कळते. तिचे विस्मरण झाले की चोर सोडून संन्याशाला फाशी, हा न्याय ते निमूटपणे बजावते.